उभ्याने ऐकायची कविता

आमच्या धरमपेठेत कविवर्य शालिकरामांची कविता उभ्याने ऐकतात. हे कोणी ठरवले ते मला ठाऊक नाही. मी स्मारक समितीचा सभासद आहे खरा, पण बहुधा पुस्तकात डोके घालून बसलेला असतो. वर पाहतो तेव्हा सगळे उभे असतात.

कविता चारच ओळींची आहे :

वाळ्याआडुन गुरगुर करशी,
घागर घागर पिऊन घेशी;
तरी कोरडा माझ्यापाशी,
काय तुझी रे रीत अशी?

समितीने तिला संथ चाल लावून घेतली आहे. इतकी संथ, की पहिल्या ओळीला कपाळावर बसलेली माशी तिसऱ्या ओळीपर्यंत स्वतःच कंटाळून निघून जाते. अर्थ अध्यक्ष बाबाराव सांगतात. गुरगुर म्हणजे अनाहत नाद, वाळा म्हणजे मायेचा पडदा, घागरी म्हणजे आपले वाया गेलेले जन्म. मला यातले काही कळत नाही, पण दोष माझ्या वाचनाचा असावा.

यंदा मे महिन्यातल्या पुण्यतिथीला कविवर्यांच्या पत्नी कुसुमताई मनीषनगरहून आल्या. सोबत नात उन्नती. ताई माझ्या शेजारी बसल्या.

"मले याची खरी चाल एकडाव आयकाची हाये," त्या म्हणाल्या. "हे गेल्यापासून कोणी म्हटलीच नाही. मी पोरीले शिकवून ठेवली. म्हणू द्या तिले."

मी विनंती बाबारावांकडे नेली.

"ताई पत्नी आहेत, मान्य," ते म्हणाले. "पण त्यांनी कविवर्यांना फार जवळून पाहिलं आहे. अशी साक्ष निःपक्षपाती राहत नाही. शिवाय खरी चाल समितीला येत नसल्यामुळे ती खरी आहे की नाही, हे समितीला तपासता येणार नाही."

हे मला बिनतोड वाटले. तेवढ्यात सभागृहातला कूलर बंद करण्यात आला. कविता चालू असताना घरघर होणे हा कवितेचा अवमान ठरतो.

"कूलर काहून बंद केला गा?" कुसुमताईंनी विचारले.

"कविता सुरू होऊन राहिली, ताई." उकाड्यात बाबारावांची प्रमाण भाषा प्रथमच घसरली.

"अरे, कूलरवरच तर हाये ते गाणं. आमच्या घरच्या. वाळ्याच्या ताट्या भिजवाले पाणी मी भरू, अन् तो गरम हवा फेके. हे बाजूले बसून बादली वाजवत म्हणत."

सगळ्यांनी बंद कूलरकडे पाहिले.

"कूलर हे रूपक असू शकतं," बाबाराव सावरून म्हणाले.

"रूपक कायचं? कंडम होता तो."

गायन ठरल्याप्रमाणे सुरू झाले. दुसऱ्या ओळीला दोन गृहस्थ भोवळ येऊन खुर्चीत कोसळले. त्यांची समाधी लागल्याचे बाबारावांनी हलक्या आवाजात जाहीर केले. तिसऱ्या ओळीला गायिका मोनालीताईच डोके धरून खाली बसल्या.

आता पेच पडला. कविता अर्धवट सोडणे हा अवमानांतला सर्वांत मोठा, आणि गाणारे दुसरे कोणी नव्हते. बाबारावांनी तोंड फिरवून उन्नतीला खूण केली.

उन्नतीने कूलरची बादली पालथी घातली आणि असा काही ठेका धरला, की समाधिस्थ गृहस्थ उठून बसले. चौथ्या ओळीला अख्खे सभागृह हसत होते. कोणीतरी कूलर लावला, तो ठेक्यातच गुरगुरला. बाबारावांचा उजवा पाय नाचू लागला. डावा अध्यक्षपदावर ठाम होता. कुसुमताई पदर तोंडाशी धरून म्हणत होत्या, "अस्संच. अस्संच म्हणत."

समितीने तातडीची बैठक घेऊन चूक दुरुस्त केली. नवी चाल अधिकृत झाली. ठेका थोडा संथ करण्यात आला. बादली काचेच्या पेटीत गेली. चौथ्या ओळीनंतर, उभ्याने, सामूहिक हसण्यास मंजुरी मिळाली.

दिवाळीआधीच्या कार्यक्रमात उन्नती तशी गायली. कुसुमताई दुसऱ्याच ओळीला हसल्या.

"शूऽऽ," मागून आवाज आला. मग चहूकडून.

ताईंनी हसू गिळले आणि त्या खुर्चीचा हात धरून हळूहळू उभ्या राहिल्या.

समितीला हे शोभत नाही, असे मी आयुष्यात प्रथमच म्हणणार होतो. पण समितीचे बाकीचे सगळे सभासद मंचावर होते आणि त्यांची तोंडे मिटलेली होती. ताईंना गप्प करणारे खालच्या रांगांत होते, तुमच्यासारखेच, नुसते ऐकायला आलेले.