संकोचाचा गोळा

ताटलीतल्या शेवटच्या ताकोयाकीवरचे, म्हणजे ऑक्टोपस भरलेल्या पिठाच्या गोळ्यावरचे, सुक्या माशाचे पापुद्रे हलायचे थांबले होते. आतली वाफ संपली की ते थांबतात. म्हणजे गोळा गार झाला. नात्सुहोचं पोट पाण्याचे नमुने तपासण्यावर चालत असल्यामुळे अशा गोष्टी तिच्या नजरेतून सुटत नसत. गोळा तिने उचलला नव्हता, आणि समोर बसलेल्या कानातानेही नाही. ओसाकात अशा शेवटच्या तुकड्याला 'संकोचाचा गोळा' म्हणतात. तो उचलणाऱ्याला कुणी बोलत नाही. फक्त सगळे बघतात!

दोघांमध्ये आणखीही काही गार होत पडलं होतं. वसंतात कानाताने तिला लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, 'विचार करते.' विचार तर तिचा त्याच आठवड्यात झाला होता. पण तो पुन्हा विचारेल तेव्हा सांगू, म्हणून ती थांबली. तिला घाई नको, म्हणून तो थांबला. आता पानगळ सुरू झाली होती. कानाताची बदली साप्पोरोला झाली होती, आणि तिकडे घर एकट्याचं हवं की दोघांचं, हे उद्या कंपनीला कळवायचं होतं.

नात्सुहोचा बेत मात्र पक्का होता. थेट बोलायची गरजच काय! 'काजळीचं शहर' या अ‍ॅनिमे मालिकेचा शेवट दोघांनी कालच पाहिला होता. जमिनीखालचं शहर, सरकार मोजून देईल तेवढीच हवा. शेवटी विषारी वायू आत शिरतो, आणि रोकुया-इबुकी या जोडप्याकडे वायूपासून वाचवणारा मुखवटा एकच. तो टेबलावर पडून राहतो, कुणीच घालत नाही, पडदा काळा होतो. यावर वाद घातला की कानाताच्या मनातलं आपसूक वर येणार!

"रोकुयाने मुखवटा घातला नाही, हा त्याग आहे," कानाता म्हणाला. "सत्तेने माणसांना श्वासासाठी भांडायला लावलं, आणि हा भांडला नाही."

"त्याग कसला? घुमेपणा! 'इबुकी, तू घाल' म्हणायला काय जात होतं?"

"म्हणायला कशाला हवं? तिला कळायला नको?"

"तिला कळलं होतं! त्याने विचारावं म्हणून ती थांबली होती!"

"त्याने विचारलं होतं की, मालिकेच्या सुरुवातीला!"

"पुन्हा विचारलं असतं तर जीभ झडली असती?"

"अरे, हळू," साच्यात पीठ ओतता ओतता कानाताची आई, तोमिएकाकू, म्हणाली. दुकान तिचंच. "गिऱ्हाइकं पळतील."

पण एरवी प्रयोगशाळेतल्या फ्रीजइतकाच आवाज करणारी नात्सुहो आता पेटली होती. तिने टेबलावर हात आपटला. "वायू आत आलाय! मुखवटा एकच आहे! आणि दोघं माना खाली घालून बसणार? मग मरा!"

नेमके तेव्हाच दारातल्या पडद्याबाहेरून होझुमीकाका चालले होते. बाजारगल्लीच्या आपत्ती समितीचे अध्यक्ष. पिवळं हेल्मेट मिळाल्यापासून त्यांच्या वाट्याला एकही आपत्ती आली नव्हती, आणि ते दुःख त्यांना आतून खात होतं.

त्यांनी धोक्याची घंटा दाबली!

गल्ली सरावाप्रमाणे बाहेर पडली. नाकातोंडाला ओले रुमाल, डोक्यावर हेल्मेटं, दुकानांच्या क्रमाने रांग. न्हाव्याचं गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन आलं, मासळीवाली ईल माशांची बादली घेऊन आली. होझुमीकाका कर्ण्यातून ओरडत होते, "वायुगळती! मुखवटा एकच! म्हातारी माणसं पुढे!"

"माफ करा," कानाता कमरेत वाकला. "ती... अ‍ॅनिमे होती."

रांग जागची हलली नाही. कानाता गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक दुकानापुढे वाकत गेला. नात्सुहोला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण खाली 'काजळीचं शहर' निघायचं!

तेवढ्यात अर्ध्या दाढीने विचारलं, "मग मुखवटा घातला कुणी?"

"कुणीच नाही."

"म्हणजे दोघंही मेले? भिडेपायी?"

"आमचे हे असते ना," मासळीवाली म्हणाली, "तर मी वळेपर्यंत घालून बसले असते!"

"आणि तू ओढून काढला असतास!" मागून नवऱ्याचा आवाज आला.

"चूक त्यांच्या समितीची आहे," होझुमीकाकांनी कर्ण्यातूनच निकाल दिला. "मुखवटे दोन ठेवायला हवे होते."

मग काय! त्याग की घुमेपणा यावर अख्खी गल्ली भांडू लागली. शेवटी तोमिएकाकू पुढे झाली. तिच्या हातात ती ताटली होती. जीव वाचवायच्या घाईत काय उचलावं ते न सुचून तिने नेमकी तीच उचलली होती.

"सत्ता-बित्ता मला कळत नाही," ती म्हणाली. "पण माणसं दोन, भूक दोघांना, आणि हा मेला कधीचा गार होत पडलाय! कोण खाणार? की देऊ मांजराला?"

सगळी हेल्मेटं त्या दोघांकडे वळली.

"तू घे," कानाता पुटपुटला.

"नको, तू घे."

सगळ्या गल्लीने कपाळावर हात मारला. हेल्मेटांमुळे आवाज मोठा झाला!

नात्सुहोने काडी उचलली आणि गोळा अख्खाच्या अख्खा तोंडात टाकला. रबरासारखा झाला होता. सगळे बघत होते. तिने तो नीट चावला, गिळला, ओठ पुसले.

"घर दोघांचं सांग," ती म्हणाली. "मला तुझ्याशी लग्न करायचंय. आणि तिकडे मुखवटे दोन घ्यायचे."