ग्रंथपालबाईंचा पासवर्ड

सुरक्षितता ही कोणत्याही संस्थेच्या प्रगतीची पहिली पायरी होय. (निदान मला तसे वाटते; माझे पुष्कळदा चुकते.) आमचे वाचनालय गेल्या वर्षी ही पायरी चढले आणि सध्या तिथेच बसून आहे.

पुस्तकांची देवघेव संगणकावर आली, तेव्हा अध्यक्षांनी पासवर्डविषयी एक परिपत्रक काढले. ते इतके सुबोध होते की मला तीनदा वाचावे लागले. पासवर्ड लांबलचक असावा. त्यात एक मोठे अक्षर, एक आकडा, एक चिन्ह असावे. नातवंडांची नावे टाळावीत (हे कलम लिहून झाल्यावर अध्यक्षांनी स्वतःचा पासवर्ड घाईने बदलला, असे म्हणतात). आणि सर्वांत मोलाची सूचना म्हणजे, मनाला सतत टोचणारी एखादी गोष्ट वाक्य करून घालावी. ती जन्मात विसरत नाही.

ग्रंथपालबाईंनी परिपत्रक तंतोतंत पाळले.

बाई एका बोटाने टाइप करतात आणि प्रत्येक अक्षर तोंडाने म्हणतात. "कॅपिटल ए... डी... एच..." वाचनकक्षात शांतता सक्तीची असल्यामुळे ते शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ ऐकू येते. आठवड्याभरात पेपर वाचणारे आजोबा, फरशी पुसणाऱ्या मावशी आणि मी, सर्वांना पासवर्ड पाठ झाला. 'अध्यक्ष, भाग २ परत दे', आणि शेवटी उद्गारचिन्ह. ('द्या' हे आदरार्थी रूप लांब, म्हणून अधिक सुरक्षित ठरले असते. बाईंनी ते टाळले. उद्गारचिन्हाची कळ मात्र त्या जरा जोरात दाबत.)

हा भाग दोन म्हणजे एका कादंबरीचा उत्तरार्ध. पहिल्या भागाच्या शेवटी नायिका नवऱ्याच्या घराच्या कडीला हात लावून उभी आहे. दुसरा भाग चार वर्षे अध्यक्षांकडे आहे. माझे वय पाहता, ती आत गेली की नाही हे मला लवकर कळलेले बरे.

एके दिवशी अध्यक्ष सुरक्षेची तपासणी करायला आले आणि थेट बाईंच्या खुर्चीत बसले.

"बाई, पासवर्ड सांगा. मी टाइप करतो."

बाईंची नोकरी दरवर्षी अध्यक्षांच्या सहीने वाढते.

"विसरले, साहेब."

"विसरलात? माझं परिपत्रक वाचलं नाहीत?"

"वाचलं ना! अगदी मनावर घेतलं."

अध्यक्ष आमच्याकडे वळले. आजोबांनी पेपर वर धरला. मावशी पुसलेलीच फरशी पुसू लागल्या.

"काका, तुम्ही तर रोज इथे असता. कधी काही कानावर आलं?"

माझी मागणी त्यांच्याच बोटांनी त्यांच्यापर्यंत पोचली असती. मी नुसते तोंड उघडायचे होते.

"मला हल्ली कमी ऐकू येतं, साहेब."

(ते अगदी हळू बोलले होते आणि मी ताबडतोब उत्तर दिले. सुदैवाने हे कुणाच्या लक्षात आले नाही.)

बाई विसरल्याची रीतसर नोंद झाली. नोंद झाल्यावर पुन्हा आठवणे नियमात बसत नाही. तज्ज्ञ यावा लागतो. तो येईपर्यंत देवघेव बंद आहे. वार्षिक अहवालानुसार यंदा पुस्तके हरवण्याचे प्रमाण शून्य टक्के. पासवर्ड बाहेरच्या कुणालाही कळलेला नाही. अध्यक्षांचा सत्कार ठरला आहे.

"काका, तोवर पहिलाच भाग पुन्हा न्या," बाई काल हळूच म्हणाल्या. "नोंद राहू दे."

"दुसऱ्यात पुढे काय होतं, हो?"

"साहेबांना विचारा."

"म्हणजे त्यांनी वाचलाय?"

"छे हो! त्यांच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे."

वाचकहो, बाईंना हसू नका. मोठे अक्षर, आकडा, चिन्ह हे वाचताना तुम्ही आपला पासवर्ड मनात म्हणून पाहिलात, आणि तुमचे ओठ हलले. घाबरू नका. शेजारचे गृहस्थ माझ्यासारखेच भिडस्त दिसतात. उद्या तुम्ही तो विसरलात, तरी ते सांगणार नाहीत.