पुराची पिवळी खिडकी

एका जंगलात, बाळांनो, प्रत्येक प्राण्याकडे संगणक होता आणि एकाच्या संगणकाचा दुसऱ्याच्या संगणकाशी काही मेळ नव्हता. हत्तींचा सोंडेने चालायचा, बदकांचा चोचीने, सशांचा मिशांनी. एकाचा प्रोग्राम दुसऱ्याच्या संगणकात घातला की रुसून बसायचा. प्राण्यांना याचा फार अभिमान होता. का, ते मला विचारू नका.

नदीकाठी एक पाणमांजर राहायचे. त्याने पुराचा प्रोग्राम बनवला. त्यात जंगलातले प्रत्येक बीळ दिसायचे. पाणी येणार असेल तर बीळ निळे, नाहीतर पिवळे. प्रोग्राम झकास होता, पण चालायचा फक्त पाणमांजराच्याच संगणकावर.

सिंहाने साळिंदररावांना बोलावले. ते जंगलाचे जाळेप्रमुख होते.

"सोपं आहे, महाराज," ते म्हणाले. "प्रोग्राम चालेल पाणमांजराच्या घरी आणि दिसेल सगळ्यांच्या घरी. वेली टाकल्या की झालं."

वेली टाकल्या. घरोघरी पडद्यावर पुराची खिडकी उघडली. मिशी हलवली की ती हालचाल वेलीवरून नदीकाठी जायची आणि तिथून नवे चित्र यायचे. कौतुकाचीच गोष्ट होती, मी नाही म्हणत नाही.

गोदाक्का नावाच्या सशिणीला तीन पिल्ले होती आणि तिचे बीळ होते खोलगटात. ती रोज खिडकी बघायची आणि पिवळे दिसले की निश्चिंत झोपायची.

एके सकाळी तिच्या पायाला पाणी लागले. पडद्यावर बीळ पिवळेच होते. तिने साळिंदररावांना फोन लावला.

"साहेब, बिळात पाणी शिरलंय."

"खिडकीत रंग कुठला आहे?"

"पिवळा."

"मग पाणी नाहीये."

"अहो, पिल्लांच्या पोटापर्यंत आलंय."

"अक्का, तुम्ही पिल्लांकडेच बघत बसणार असाल तर आम्ही ही प्रणाली उभी कशाला केली?"

झाले असे होते, की पूर सगळ्यात आधी नदीकाठी आला. पाणमांजराचा संगणक बुडाला. पाणमांजर पोहत निघून गेले, त्याला काय, पोहता येते. प्रोग्राम मेला आणि शेवटचे चित्र घरोघरी तसेच चिकटून राहिले. गोदाक्काने खिडकी बंद करायला मिशी हलवून पाहिली. पण बंद करण्याचा हुकूमही आधी नदीकाठीच जायचा.

मग तिला भयंकर राग आला. तिने वेल तोडली, पडदा उपटला, पाण्यावर आडवा टाकला, त्यावर पिल्ले बसवली आणि ढकलत ढकलत टेकडी गाठली. पडद्यावर तेव्हाही बीळ पिवळेच होते. वीज कुठून येत होती, असल्या शंका मोठ्या माणसांनी काढाव्यात.

टेकडीवर सिंहाने चौकशी बसवली. साळिंदरराव ओल्या काट्यांनिशी उभे राहिले.

"पिल्लं कोरडी राहतील, असं प्रणालीनं सांगितलं होतं," ते म्हणाले. "पिल्लं कोरड्या जागी आहेत. चूक कुठं झाली?"

सिंहाला चूक सापडेना. साळिंदररावांना शाल मिळाली. गोदाक्कावर वेल तोडल्याचा ठपका आला. पण तिन्ही पिल्ले तिच्या कुशीत होती, तिने तो नीट ऐकलासुद्धा नाही.

तात्पर्य: प्रोग्राम कुणाच्याही घरी चालू दे, पडदा मात्र आपली सगळी पिल्ले मावतील एवढा मोठा घ्यावा.