अर्धा हात वाळू

किनाऱ्यावर पाय ठेवण्याआधी रामलिंग बिराजदारांनी तिथली पाटी दोनदा वाचली. बत्तीस वर्षं त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली होती. पाटीवरचं लिहिणं पाळण्यासाठी असतं, असं मानणारे निलंगा आगारात बहुधा ते एकटेच होते. इथल्या पाटीवर सात नियम होते.

"बालाजी, वाचलंस का?" त्यांनी मेव्हण्याला विचारलं.

"वाचलं की दाजी. पाण्यात जपून जा म्हणतंय."

"ते सहावं. बाकीचे बघ. मोठ्यानं बोलू नये. गाडी वाळूत आणू नये. दुसऱ्यापासून दहा फूट लांब बसावं. कचरा परत न्यावा. अन् सातवा तर समद्यांचा बाप हाय. इतर पर्यटकांना त्रास होईल असं वागू नये." मग ते मागं वळून बायकोला आणि आईला म्हणाले, "पोरीनं लावलेली पाटी हाय. तिची इज्जत आपल्या हातात हाय आज."

पोरगी म्हणजे साक्षी. या समुद्राकाठच्या गावात ती नगरपंचायतीची स्वच्छता निरीक्षक होती आणि हा सगळा किनारा तिच्या ताब्यात होता. नोकरीला वर्ष होत आलं होतं. सोमवारी मुख्याधिकारी मॅडम तिच्या कायम होण्याच्या कागदावर सही करायच्या की नाही ते ठरवणार होत्या, आणि त्यासाठी किनाऱ्यावरची तक्रारवही मागवणार होत्या. "अण्णा, या तुम्ही," ती फोनवर म्हणाली होती, "पण रविवारी मी ड्युटीवर असते. तेवढा वहीचा विचार करा." रामलिंगरावांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "आमच्यापायी तुझ्या वहीत एक ओळ पडायची न्हाई."

खरं तर यायला दुसरा कुठलाही रविवार चालला असता. पण या रविवारी येळवस होती. वेळ अमावास्येला लातूर-निलंग्याकडचा माणूस घरात जेवत नाही. तो शेतात जातो, कडब्याची कोप म्हणजे खोपटं उभं करतो, पाच दगडांचे पांडव मांडतो आणि दिसेल त्याला शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबील खाऊ घालतो. साक्षीला त्या दिवसाची रजा मिळाली नाही, तेव्हा आजी पंचफुलाबाईंनी निकाल दिला, "पोरीला शिवारात येता येईना, तर शिवार पोरीकडं न्यावं." शेतातली पूजा धाकट्या भावावर सोपवून रामलिंगराव क्रूझर जीप घेऊन निघाले. टपावर कडब्याच्या चार पेंढ्या होत्या, आत आंबिलीचं मडकं होतं, आणि पांडव पंचफुलाबाईंच्या मांडीवर बसून आले होते.

गाडी वाळूत आणायची नाही म्हणून सगळा पसारा डोक्यावरून न्यावा लागला. वर सुरूच्या झाडाखाली माणसं दाटीवाटीनं बसली होती. खाली पाण्याच्या बाजूला मात्र ओलसर, सपाट, चोपून घेतल्यासारखी लांबच लांब वाळू मोकळी पडली होती. रामलिंगरावांना त्या वरच्या माणसांची कीव आली. एवढी जागा असताना एकमेकांच्या मांडीवर बसायचं म्हणजे काय! ते घरच्यांना घेऊन थेट खाली उतरले. वाटेत शहाळी विकणारा एक माणूस म्हणाला, "काका, आज अमावास्या आहे हां."

"तर! म्हणून तर आलो."

शहाळीवाल्यानं आणखी काही सांगायला तोंड उघडलं, पण समोरचा माणूस इतक्या आनंदानं बोलत होता की त्यानं ते मिटलं.

नऊच्या सुमारास कोप उभी राहिली. पांडवांना चुना लागला, हळदकुंकू झालं. बायकोनं, उज्वलाबाईंनी, भज्जीचं भगुणं उघडलं. पंचफुलाबाई मात्र ताटाला हात लावेनात.

"शिवारात दिसंल त्याला आधी बोलवा," त्या म्हणाल्या. "मग मी जेवते."

रामलिंगरावांनी मान वर करून पाहिलं. निलंग्याला नजर बांधापर्यंत जाते, फार तर पलीकडच्या बाभळीपर्यंत. इथं तिला अडवायला काहीच नव्हतं. वर झाडांखाली डावीकडं शंभरेक माणसं, उजवीकडं तेवढीच, शिवाय लांबवर एक होडी.

"माय," ते हळू आवाजात म्हणाले, "दोनशे माणूस हाय. हाका मारल्या की पहिला नियम मोडला. आग्रह करत मागं लागलो की सातवा मोडला."

"काय म्हणतोस? मोठ्यानं बोल!"

"मोठ्यानं बोलायचं न्हाई म्हणतोय!"

"मग ऱ्हाऊ दे. मी उपाशी ऱ्हाते." म्हातारीनं तोंड समुद्राकडं फिरवलं.

सणाच्या दिवशी आई उपाशी म्हणजे जन्माचा बोल. आणि आग्रह केला तर पोरीच्या वहीत ओळ. रामलिंगराव दोन्हीकडून अडकले. शेवटी वाट बालाजीनं काढली. दहा एकर कसणारा माणूस, त्याला प्रश्न साधा वाटला.

"दाजी, शिवार कुठवर ते ठरलंच न्हाई, तर माणसं मोजणार कशी? बांध घाला. आतलं आपलं. पल्याडच्याला त्याचा मालक जेवू घालंल."

हे सगळ्यांनाच पटलं. पंचफुलाबाईंनासुद्धा. क्रूझरमध्ये फावडं होतंच. बालाजीला वाकडा बांध घालताच येत नसे, म्हणून त्यानं सुतळी धरली आणि तासाभरात चाळीस फूट बाय तीस फुटांचा, वीतभर उंचीचा, चारी कोपरे काटकोनात असलेला बांध वाळूत घातला. वर झाडाखालची माणसं उठून बघायला लागली. कुणी तरी फोटो काढले.

मधल्या वेळात शेजारी एक जोडपं येऊन बसलं होतं. गृहस्थ ठाण्याचे होते, निवृत्त होते, टोपी घालून घडीच्या खुर्चीत पुस्तक वाचत होते. एवढी शांत मंडळी खाली बसलीत म्हणजे जागा चांगली असणार, असा त्यांनी अंदाज केला होता. दक्षिणेकडचा बांध नेमका त्यांच्या खुर्चीला लागून गेला.

"त्यांना बोलव," पंचफुलाबाई म्हणाल्या.

"माय, ते बांधाच्या भाईर हायत."

"बांधशेजारी हाय तो. कोर्टात केस चालू असली तरी येळवसेला बांधशेजाऱ्याला बोलवावंच लागतं."

हे खरंच होतं. रामलिंगराव बांधाशी जाऊन हात जोडून म्हणाले, "या जेवायला."

"नको नको," ठाणेकर हसून म्हणाले. "आमचा नाश्ता झालाय."

पहिला नकार रीतीचा असतो. तो निलंग्यात कुणी मोजत नाही.

"थोडं घ्या की. सणाचं हाय."

"अहो खरंच नको, थँक्यू."

दुसऱ्या नकारात माणूस अर्धा तयार झालेला असतो. पण सातवा नियम आठवून रामलिंगराव घुटमळले. त्यांनी तिसऱ्यांदा विचारावं की नाही याचा विचार चालू असतानाच उज्वलाबाई वाढलेलं ताट घेऊन आल्या आणि ते खुर्चीच्या हातावर ठेवून गेल्या. ठाणेकरांनी संकोचानं एक घास घेतला. मग पुस्तक मिटलं. मग बायकोला हाक मारली, "अगं, ही भाजी खाऊन बघ!" ती दोघं बाजरीचे उंडे मोडून भज्जी खात आहेत हे पाहून पंचफुलाबाईंनी पहिला घास घेतला, आणि रामलिंगरावांच्या जिवात जीव आला. त्यांना वाटलं, दिवस पार पडला.

जेवण झाल्यावर ते खरकटं पिशवीत भरून वरच्या कचरापेटीपर्यंत गेले. इकडे ठाणेकर आंबिलीचा दुसरा पेला घ्यायला उठले आणि त्यांच्या खुर्चीचा पाय लागून दोन हात बांध ढासळला. गृहस्थ सभ्य होते. दुसऱ्याच्या वस्तूची मोडतोड झाली तर आपण दुरुस्त करून द्यावी, या विचारानं त्यांनी गुडघ्यावर बसून बांध पुन्हा लिंपला. चांगला थोपटून गुळगुळीतही केला.

रामलिंगराव परत आले आणि बांधाजवळच थांबले. त्यांनी एक डोळा मिटून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पाहिलं.

"ह्यो बांध कुणी रेटला?" ते कुजबुजले.

"पडला होता, मी नीट केला," ठाणेकर म्हणाले.

"अर्धा हात आत आलाय."

ठाणेकर मोकळेपणानं हसले. "अहो, वाळू आहे ती. तुम्हाला हवी तेवढी घ्या ना!"

त्यांना समजूत काढायची होती, पण याहून वाईट वाक्य त्यांना सापडलं नसतं.

"हवी तेवढी घ्या? मी काय दुसऱ्याची जागा खाणारा वाटलो का? मला माझी पायजे, तुमची नको!" रामलिंगरावांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या, पण पहिला नियम ते विसरले नव्हते. सगळं भांडण ते कुजबुजतच करत होते. समोरचा हळू बोलतोय म्हटल्यावर ठाणेकरही सभ्यपणे कुजबुजू लागले.

"मी सरळच बांधलाय."

"वाकडा हाय."

"तुमची नजर तिरकी आहे."

"बत्तीस वर्षं चालत्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडली या नजरेनं!"

"दाजी, खरं हाय तुमचं," बालाजीनं सुतळी लावून पाहिली. "अर्धा हात गेलाय."

"सुतळी तुमची, मेव्हणा तुमचा!" ठाणेकर कुजबुजले. मघाशी हसणारा माणूस आता लाल झाला होता. "एक मिलिमीटर हलवणार नाही मी. काय करायचं ते करा."

बांधावर 'काय करायचं ते करा' म्हटलेलं ऐकून गप्प बसणारा माणूस आमच्या भागात अजून जन्मायचा आहे. रामलिंगराव धोतराचा सोगा सावरत तरातरा वर चौकीकडं गेले. रखवालदारासमोर साखळीनं बांधलेली वही होती. त्यांनी ती ओढून घेतली आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'आमच्या वहिवाटीतील जागेचा दक्षिणेकडील बांध शेजाऱ्याने अर्धा हात आत रेटला आहे. तरी मोजणी होऊन न्याय मिळावा.' खाली पूर्ण नाव, मुक्काम पोस्ट, तालुका निलंगा, जिल्हा लातूर लिहून सही ठोकली. मग वही मिटली, तेव्हा मुखपृष्ठ समोर आलं. त्यावर लिहिलं होतं: तक्रारवही. प्रभारी अधिकारी, कु. साक्षी रामलिंग बिराजदार.

रामलिंगराव तिथल्या बाकावर बसले. आपण काय करून बसलो ते त्यांना आता कळलं, आणि स्वतःची इतकी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"पान फाडता येतंय का?" त्यांनी विचारलं.

"पानांना नंबर आहेत, काका."

"खोडतो मग."

"खाडाखोड चालत नाही, बिराजदार मॅडमचा नियम आहे. आणि तक्रार आली की लगेच फोन करायचा, हाही त्यांचाच. तुम्ही लिहीत होतात तेव्हाच केला मी." रखवालदारानं वहीत डोकावून पाहिलं. "अरे, तुमचंही आडनाव बिराजदार?"

अर्ध्या तासानं स्कूटर आली. साक्षी उतरली, तिनं वही उघडून वाचली. मग पुन्हा एकदा वाचली.

"अण्णा?"

"रागाच्या भरात झालं गं. लई चुकलो. आता तुझी सही?"

साक्षीनं कपाळावर हात मारला, पण तिचा आवाज चढला नाही. "तक्रार आली म्हणून काही होत नसतंय, अण्णा. पडून राहिली तर होतंय. आजच्या आज निकाली काढू. चला, जागा दाखवा." तिनं पिशवीतून टेप काढला.

दोघं खाली उतरले आणि झाडांच्या रांगेपाशीच थांबले. किनारा उरलाच नव्हता. अमावास्येचं उधाण भर दुपारी झाडांच्या मुळांपर्यंत आलं होतं. बांध गेला होता, कोप कडब्यासकट तरंगत होती, बालाजी पाण्यात बुडी मारमारून पांडव शोधत होता. उज्वलाबाई डोक्यावर भगुणं घेऊन ठाणेकरांच्या बायकोसोबत वर येत होत्या. ठाणेकर कमरेएवढ्या पाण्यातून एका हातात आंबिलीचं मडकं उंच धरून आणि दुसऱ्या हातानं पंचफुलाबाईंना सांभाळत वर येत होते. त्यांची खुर्ची आणि पुस्तक कुठं गेलं, हे त्यांनी पाहिलंही नव्हतं.

सगळे वर आल्यावर साक्षीनं ओल्या शेजाऱ्याला नमस्कार केला, वही उघडली आणि रामलिंगरावांना विचारलं, "बांध कुठंय?"

रामलिंगरावांनी समुद्राकडं बोट केलं.

तिनं लिहिलं: 'समक्ष पाहणी केली. तक्रारीत नमूद केलेली जागा आढळून आली नाही. तक्रार निकाली.' मग तिनं पेन वडिलांपुढं धरलं. "तक्रारदाराची सही लागते. 'मला मान्य आहे' लिहा खाली."

रामलिंगरावांनी पेन घेतलं. बांध आपला असताना 'मान्य आहे' लिहायचं, हे त्यांच्या घराण्यात आजवर कुणी केलं नव्हतं. "पाणी उतरल्यावर मोजलं तर..." ते पुटपुटले. साक्षीनं वहीतल्या सहीच्या जागेवर बोट ठेवलं. त्यांनी एकदा म्हाताऱ्या आईला हात देणाऱ्या त्या माणसाकडं पाहिलं, एकदा पोरीकडं, आणि सही केली. साक्षीनं तारीख घातली, वेळ घातली, वही मिटून काखेत धरली.

ठाणेकरांनी टोपी पिळली आणि रामलिंगरावांच्या जवळ सरकले. "आता मिटलंय म्हणून सांगतो," ते कुजबुजले. "तुमचं बरोबर होतं. अर्धा हात आत आला होता. लिंपताना लक्षात आलं माझ्या, पण मग म्हटलं, वाळूच तर आहे."

रामलिंगराव झटकन पोरीकडं वळले. पण तिनं पेनाला टोपण लावून ते पिशवीत टाकलं होतं, आणि ती आजीचं ओलं लुगडं पिळत होती.