चकाचकचा पाणउतारा

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच अडकली होती. तिच्या टपावर बसून मेकॅनिक दाराचा रोलर बदलत होता आणि आत अडकलेल्या बाई निवांत गुणगुणत होत्या, "चकाचक, चकाचक, गॉगल माझा चकाचक." ना तक्रार, ना आरडाओरडा. पुढचं कडवंही तेच होतं, फक्त गॉगलच्या जागी बूट.

"बाई, घाबरलात का?" मेकॅनिकने वरून विचारलं.

"छे हो, होऊ द्या सावकाश."

मेकॅनिकच्या हातून पाना निसटला. हे गाणं गाणारा चकाचक एके काळी त्याचा जोडीदार होता. दोघं मिळून रॅप करायचे. गळकी छपरं, कंत्राटी कामगारांचा पगार, मास्तर नसलेल्या शाळा असल्या विषयांवर मेकॅनिक लिहायचा, दोघं म्हणायचे आणि ऐकणारे ओळन् ओळ पाठ करायचे. मग जोडीदाराने गॉगल घेतला, त्यावर गाणं केलं आणि चकाचक होऊन बसला. मेकॅनिक याला कलेचा ऱ्हास म्हणायचा. बायको जळफळाट म्हणायची. खरं सांगायचं तर बायकोचं बरोबर होतं.

घरीही सुटका नव्हती. "तुमच्या त्या मित्राचं गाणं कसं सुटसुटीत आहे," सासूबाई म्हणाल्या. "तुमचं ऐकत बसलं की भाजी करपते."

त्या करपलेल्या भाजीने मेकॅनिक पेटला. रॅपवाल्यांत प्रतिस्पर्ध्याची गाण्यातून उघड खरडपट्टी काढायची रीतच आहे. सुट्टी टाकून त्याने चार कडवी लिहिली. त्यांत चकाचकच्या बुटांपासून ते बूट शिवणाऱ्यांच्या मजुरीपर्यंत सगळं होतं. धृपदही झोंबेल असंच घेतलं, "चकाचक रे चकाचक, आत ठणठणगोपाळ." चकाचकने ते ऐकावं आणि त्याचं तोंड उतरावं, एवढीच मेकॅनिकची इच्छा होती. त्याने गाणं इंटरनेटवर टाकलं.

गाणं तुफान चाललं. फोरमनने रिंगटोन ठेवली. चकाचकचे चाहते लिहू लागले, काय सुंदर गौरवगीत आहे. मेकॅनिकने खाली खुलासा केला, की ही टीका आहे, कृपया तिसरं कडवं ऐका. त्यावर एकाने प्रामाणिकपणे कळवलं, "तिसरं कडवंपण असतं का? आम्ही चकाचक आलं की नाचतो आणि गाणं परत मागे नेतो."

सासूबाईंनी तर त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "मैत्री असावी तर अशी."

शेवटी चकाचकच्या मॅनेजरचाच फोन आला. "साहेबांना गाणं फार आवडलंय. शोची सुरुवात तुम्हीच करा ना."

"साहेबांनी पूर्ण ऐकलंय?"

"त्यांनीच तर तुम्हाला बोलवायला सांगितलं."

"जाऊ नकोस," बायको म्हणाली. "उगाच शोभा होईल."

"त्याचीच होईल," मेकॅनिक म्हणाला आणि इस्त्रीचा शर्ट शोधू लागला.

मैदान खच्चून भरलं होतं. चकाचक पडद्याच्या कडेला गॉगल लावून उभा होता. मेकॅनिकने साउंडवाल्याला बजावलं, की तिसऱ्या कडव्याला संगीत अगदी बारीक कर, शब्द न् शब्द कळला पाहिजे. साउंडवाल्याने इमानदारीत तसं केलं. संगीत उतरलं तसं लोकांना वाटलं, आता आपली पाळी. सगळं मैदान "चकाचक, चकाचक" म्हणून गर्जायला लागलं आणि त्या गदारोळात मेकॅनिक एकटाच ओरडत राहिला.

"काळा गॉगल, दिसतील कशी शिवणाऱ्यांची बोटं,
बूट तुझे हे अस्सल सगळे, गड्या, तोंड तेवढं खोटं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मेकॅनिक घामाघूम होऊन कडेला आला. चकाचकने गॉगल काढला.

"तिसऱ्या कडव्यातलं 'गड्या' काढून टाक."

"काय?"

"ओळ अडखळते तिथे. आणि खरडपट्टी काढताना गड्या म्हणतात होय?"

"तू सगळं ऐकलंस?"

"चारही कडवी. चांगलीच लागली."

"एवढं कळतं, मग असलं भिकार का लिहितोस?"

चकाचकने मैदानाकडे बोट दाखवलं. "तू आत्ता माझ्या तोंडावर मला खोटारडा म्हणालास. एकाने तरी नाचणं थांबवलं?" त्याने गॉगल पुसून लावला आणि बूट चमकवत स्टेजवर गेला.

वाटेत मेकॅनिकने ती ओळ 'गड्या' काढून म्हणून पाहिली. अगदी चपखल बसली. दुसऱ्यांदाही बसली. त्याचा चेहरा आणखी पडला.

बायकोने दार उघडलं. "लागलं का त्याला?"

"लागलं."

"मग तुझं तोंड का उतरलंय? पुन्हा त्याची गाडीबिडी बघितलीस वाटतं."

"गाडीचं सोसलं असतं गं," मेकॅनिक बूट काढत म्हणाला. "कानही त्याचाच चांगला निघाला."