भाविकाचा अल्बम आणि वनखात्याची जाळी

आवाज या विषयात मला कोणी शिकवायचं नाही! जयगड खाडीच्या दोन्ही तीरांवर लग्न असो, सत्यनारायण असो की क्रिकेटचे सामने, मंडप आणि स्पीकर या धोंडूमामाचेच लागतात. त्यामुळे भाची भाविका जेव्हा म्हणाली, "मामा, रेकॉर्डिंगला शांत जागा मिळेल?" तेव्हा मी छाती फुगवली.

"माझं गोडाऊन घे! असं साउंडप्रूफ करून देतो, की आत तोफ उडाली तरी बाहेरचं मांजर कूस बदलणार नाही!"

भाविका पोर्टच्या ऑफिसात कामाला. अंगानं उदबत्तीची काडी. पण ही काडी दोन वर्षं एकटीनं अल्बम करत होती. गिटार तिची, बास तिची, कीबोर्ड तिचा, शब्द तिचे. ड्रम तर लॅपटॉपवर एकेक ठोका मांडून बसवलेले! शिफ्ट संपवून यायची आणि बोटं सुजेपर्यंत वाजवत बसायची. माझ्याकडे बारा माणसं आहेत, तरी एक मंडप सरळ उभा राहत नाही. हिनं एकटीनं अख्खा बँड उभा केला!

"प्रकार कुठला म्हणालीस?" मी विचारलं.

"गॉथिक मेटल. म्हणजे अंधार, ओसाड जागा, गेलेली माणसं आणि खूप मोठा आवाज."

"आपल्या नमन-खेळ्यांत तो काळा संकासूर नाचत येतो तसं?"

ती जरा विचार करून म्हणाली, "तसंच. फक्त या संकासुराचं कोणीतरी गेलंय."

मी हसलो. ती हसली नाही. मग माझ्या लक्षात आलं. तिचे वडील, म्हणजे आमचे लवूभावोजी, चार वर्षांपूर्वी होडी घेऊन गेले ते आलेच नाहीत.

सात गाणी पुरी झाली होती. आठव्याचं फक्त गाणं म्हणायचं उरलं होतं. रविवारी दुपारी मी भिंतींना लग्नाच्या गाद्या लावल्या, झरोका गादीनं बुजवला, शटर ओढलं. आत भट्टी पेटली! पोरगी घामानं निथळायला लागली. मला दया आली आणि मी झरोक्यावरची गादी काढली. एकच हो! शिवाय कोणी आत डोकावू नये म्हणून बाहेरून शटरला कुलूप घातलं आणि गणपतीपुळ्याला एका साखरपुड्याचे स्पीकर लावायला निघून गेलो.

तो झरोका उघडतो नेमका शेजारच्या मासळीवाल्या ठमाबाईच्या मागल्या दारी. ती तिथं सुकत घातलेले बांगडे राखत बसली होती. तासाभरात तिचा फोन.

"धोंडू! मेल्या, तुझ्या गोडाऊनात बिबट्या शिरलाय! गुरगुरतोय!"

आता या संगीतात मधूनमधून गुरगुरून गातात, हे मला भाविकानं सांगितलेलं नव्हतं. बरं, बाकीची वाद्यं सगळी तिच्या हेडफोनमध्ये. बाहेर पडत होता तो नुसता गळा!

"अगं, आत भाविका आहे!" मी किंचाळलो.

झालं! दहा मिनिटांत वाडीभर झालं, की बिबट्यानं भाविकाला धरलं. मी स्कूटर पिटाळत पोचेपर्यंत बिबट्याचे दोन झाले होते. मी वाटेत सतरा फोन केले, पण रेकॉर्डिंग म्हणून तिनं फोन बंद ठेवलेला.

दारात तीसेक माणसं. कोणाच्या हातात कोयता, कोणाच्या हातात वल्हं. जवळच गस्तीवर असलेला वनरक्षक दर्शन जाळी घेऊन हजर.

"गप ऱ्हावा! आयका!" ठमाबाई झरोक्यापाशी कान देऊन उभी होती.

आतून गुरगुर आली. पाठोपाठ एक उंच, बारीक आवाज.

"पोरीला फाडतोय!" कोणीतरी ओरडलं.

"पण ती सुरात किंचाळतेय रे!" ठमाबाई म्हणाली.

"शटर कोण उघडणार?" दर्शननं विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आत आमची पोर होती! डोळे मिटले, किल्ली फिरवली आणि शटर उचललं. ते घर्र्रर्र करून ओरडलं.

बिबट्या नव्हता. पाठमोरी भाविका होती, कानांवर हेडफोन, मुठी आवळलेल्या. आणि त्या काडीतून तो आवाज निघत होता! दर्शनची जाळी हळूहळू खाली आली. मग तिनं गुरगुर सोडली आणि साध्या, उघड्या गळ्यानं गायली,

"दर्या, तू दिलंस ते खाल्लं आम्ही, आता नेलंस ते परत दे..."

वल्ही खाली टेकली. त्या वल्हेवाल्यांतल्या अर्ध्यांनी भावोजींना तीन दिवस समुद्रात शोधलं होतं. ठमाबाईनं पदर तोंडात कोंबला, तरी एक हुंदका निसटलाच.

गाणं संपलं. भाविकानं हेडफोन काढले, वळली. समोर तीस माणसं, कोयते, जाळी.

"मामा," ती घाबरून म्हणाली, "एवढं वाईट झालं का?"

दर्शन जाळी गुंडाळत म्हणाला, "ताई, बिबट्या नव्हता असं मी वर कळवतो. पण एकदा वाद्यांसकट ऐकवाल?"

मी स्वतःच्या हातानं चार स्पीकर जोडले. माझ्याच गाद्या खाली अंथरून वाडीनं आठही गाणी ऐकली. भिंती थरथरत होत्या, पत्रे नाचत होते, पण एकही माणूस उठला नाही! आयुष्यभर मी आवाज मोठा करत आलो. तो इतका खोल जातो, हे त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला हात जोडले. "बाय माझे, ते शेवटचं परत म्हण. त्यात आमचा सगळा गोंधळ रेकॉर्ड झालाय."

"मुळीच नाही," ती म्हणाली. "मला तो टेक तसाच हवाय."

गेल्या महिन्यात अल्बम आला. परदेशातल्या माणसांनीसुद्धा तिला लिहिलं! अल्बमवर नावं दिलीत: 'सर्व वाद्ये, शब्द, गायन – भाविका.' त्याखाली, 'हुंदका – ठमाबाई. शटर – धोंडूमामा.'

ठमाबाई आता मासळी विकताना गिऱ्हाइकांना बेधडक सांगते, "मी पण गायलेय त्यात!" मीही सांगतो, अल्बममध्ये आहे म्हणून. फक्त कोणी विचारलं, "तुम्ही काय वाजवलंत?" की मी आंब्याच्या मोहोराबद्दल बोलायला लागतो.