परबकाकांचा मधला भाव

पहिल्या मजल्यावरचे आजोबा गेले तेव्हा परबकाका माझ्याबरोबर भेटायला आले. हात जोडून बसले, थोडा वेळ डोळे मिटले आणि डोळे उघडले ते थेट छताकडे. छत चारही कोपऱ्यांपर्यंत नीट न्याहाळून झाल्यावर हलक्या आवाजात म्हणाले, "गळती नाही. बरं आहे."

खोलीतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला घाम फुटला, कारण काकांना घेऊन आलेलो मी. पण निघताना आजोबांचा मुलगा आम्हाला सोडायला दारापर्यंत आला, आमच्या चपला घालून होईपर्यंत थांबला आणि काकांच्या कानाशी लागून म्हणाला, "काका, किती येईल?"

असे आमचे वसंत परब. डोंबिवली पूर्वेला आमच्या गल्लीत कुणाला जुनं घर विकायचं असो की घ्यायचं असो, दलालाच्या आधी काकांना विचारतात. दलालसुद्धा त्यांनाच विचारतात, फक्त गुपचूप.

मानपाड्याजवळच्या एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत काकांची सगळी नोकरी झाली. तिथे म्हणे एकाच पिंपातले पाच नमुने तपासले की पाच वेगळे आकडे यायचे. मग सगळ्यात वरचा सोडायचा, सगळ्यात खालचा सोडायचा आणि मधला धरायचा. निवृत्तीनंतर पिंपं सुटली, सवय राहिली. गल्लीत विकल्या गेलेल्या जुन्या घरांचे भाव ते मनात चढत्या क्रमाने उभे करतात, शाळेत पी.टी.च्या तासाला उंचीप्रमाणे पोरं उभी करावीत तसे, आणि बरोब्बर मधल्याच्या खांद्यावर हात ठेवतात. "वरचा वेडा, खालचा नडलेला, मधला खरा," हा त्यांचा मंत्र.

सरासरी या शब्दाचा त्यांना मनापासून राग. मी एकदा चुकून तो उच्चारला.

"सरासरी? अरे सुहास, बिल्डरच्या मेव्हण्याने गच्चीसकट घर घेतलं की गल्लीची सरासरी वर जाते. तुझ्या घराला त्या दिवशी गच्ची फुटली का रे?"

नव्या इमारतींचे भाव तर ते मोजतच नाहीत. नव्या घराचा भाव म्हणजे त्यांच्या मते लग्नातला फोटो. माणूस खरा दिसतो तो नांदायला लागल्यावर, तसं घर खरं दिसतं ते एकदा विकलं गेल्यावर.

या मधल्याने एकदा अनर्थ ओढवला. आमच्या वरच्या मजल्यावर कुलकर्णीवहिनी नव्यानेच राहायला आल्या होत्या. तीन मुलगे, तिन्ही द्वाड. एका संध्याकाळी काका फाटकातून आत आले आणि खालूनच मला हाक मारून म्हणाले, "सुहास, मधला पडला रे."

वहिनी गॅसवरचं दूध तसंच टाकून, हातात सांडशी घेऊन तीन मजले धावत खाली आल्या. "कुठे पडला? लागलंय का?"

"लागलंय जरा," काका गंभीरपणे म्हणाले. "पण सावरेल. दिवाळीपर्यंत वर चढेल."

"वर कुठे चढेल?"

"मागच्या वेळी चढला होता तिथेच. तुम्ही घाबरू नका, थोरल्यापेक्षा भक्कम आहे." थोरला म्हणजे ठाण्याचा भाव, हे वहिनींना कोण सांगणार? तेवढ्यात त्यांचा खरा मधला हातात पतंग घेऊन जिन्यातून उतरला, आणि सांडशीचा पहिला प्रसाद त्याला मिळाला.

काका एकटे राहतात. लग्न का केलं नाही, असं माझ्या बायकोने, माधवीने, त्यांना एकदा विचारलं. आम्हाला वाटलं, विषय टाळतील. पण त्यांनी चहाची बशी खाली ठेवून सविस्तर उत्तर दिलं.

"चार स्थळं आलेली, माधवी. चारही चांगली."

"मग?"

"चारात मधलं कुठलं? म्हटलं, पाचवं येऊ दे. पाचवं येईपर्यंत त्या चौघींची लग्नं झाली."

"अहो पण चार असले तर मधल्या दोघांची बेरीज करून अर्धं करतात ना?" मी माझं शाळेतलं ज्ञान पाजळलं.

"भावात करतात," काका म्हणाले. "बायकोत कसं करणार?"

आम्ही हसलो. तेही हसले. मग बशीतला चहा संपवून समोर आपल्या घरी गेले. समोर म्हणजे अगदी समोर. त्यांचं दार आणि आमचं दार यांच्यामध्ये फक्त जिन्याची फरशी, आणि दोन्ही दारं दिवसभर उघडी. संध्याकाळी पाचच्या सुमाराला काका येत, आमच्या हॉलमधल्या वेताच्या खुर्चीत बसत आणि बातमीपत्र सुरू होई. टिटवाळ्याचा मधला जागचा हललाय. कल्याणचा दम खातोय. आपला घट्ट बसलाय, पण त्याच्या मनात काहीतरी आहे.

घरं पाहणं हा त्यांचा खेळ आणि व्यायामही. विकायला निघालेलं कुठलंही जुनं घर ते गिऱ्हाईक म्हणून पाहायला जातात आणि बरेचदा मलाही नेतात. आत शिरल्यावर घरातले सगळे नळ एकदम सोडायचे. फरशीवर टाच आपटत चालायचं आणि पोकळ वाजली की माझ्याकडे बघायचं. सिंकखाली डोकं घालायचं. शेवटी खिडकी उघडून हुंगायचं. "आज वारा मानपाड्याचा," म्हणत खिडकी लावून घ्यायची. केमिकलच्या वासावरून कुठला वारा आणि कितीने भाव कमी, हे ते एका श्वासात सांगतात. तिथे आमची एकमेकांशी ओळख नसते. ओळख दाखवली की दलालाला वाटतं घराणंच आलंय, आणि तो भाव चढवतो, असं काकांचं म्हणणं.

मग एक दिवस आमचंच घर विकायला निघालं.

मुलीचं कॉलेज ठाण्याला, माधवीची बदली ठाण्याला, आणि तिथे एका उंच इमारतीत एक जुना फ्लॅट आम्हाला आवडला. टोकन देऊन बसलो. दसऱ्याच्या आत इथलं घर विकायचं, नाहीतर टोकनही जाणार आणि तो फ्लॅटही, असा मामला. मी निर्धास्त होतो. भाव सांगायला साक्षात काका समोर राहत होते.

"काका, आमच्या घराचा मधला सांगा."

"बघतो," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, "लावून बघतोय." तिसऱ्या दिवशी पाच वाजता आलेच नाहीत. चौथ्या दिवशी आले तेव्हा टिटवाळ्याबद्दल बोलत राहिले.

तोवर आमच्या दलालाने, केणेशेठने, गिऱ्हाईकं आणायला सुरुवात केली. केणे मूळचे इथले, आमची इमारत जिथे उभी आहे तिथे त्यांच्या आजोबांचं भाताचं शेत होतं. त्यांनी पहिलं जोडपं आणलं टिटवाळ्याचं. नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, कमी बोलणारे. ती दोघं आत आली आणि पाठोपाठ समोरच्या दारातून काका आले.

"मी शेजारी," त्यांनी ओळख करून दिली. "पावसाळ्यात बेडरूमच्या या कोपऱ्याला घाम येतो. दोनदा रंगवून झालंय. वारा मानपाड्याकडून आला की खिडकी लावावी लागते. लग्नसराईत मागच्या मंगल कार्यालयाचा बँड थेट स्वयंपाकघरात ऐकू येतो. बाकी घर उत्तम."

केणेंनी कपाळावर हात मारून घेतला. "काका, तुमी जरा गप ऱ्हावा ना. माजं गिऱ्हाईक पलून जातंय."

"मी खोटं बोललो का?"

"खोटं नाय बोललात, त्येचाच तर तरास हाय."

जोडपं नमस्कार करून गेलं. दुसरं गिऱ्हाईक आलं, त्यालाही काकांनी कोपरा दाखवला. तिसऱ्याला तर काकांनी टाकीचं झाकण बघायला गच्चीवर नेलं, तो तिथूनच परस्पर निघून गेला. इकडे दसरा जवळ येत होता. ठाण्याचा घरमालक रोज फोन करत होता. मी चिडून काकांच्या नावाने बोटं मोडत होतो, पण समोर गेलं की तोंड उघडेना. या माणसाला काय म्हणून बोलायचं? तो खरंच तर सांगत होता.

शेवटी माधवी उठली. ताटलीत गरम थालीपीठ घेतलं आणि समोरच्या दारात जाऊन उभी राहिली. मी मागे.

"काका, आमचं घर विकलं जावं असं तुम्हाला वाटतं की नाही?"

काकांनी ताटली घेतली, टेबलावर ठेवली, तिच्यावर झाकण ठेवलं. "अगं, रोज लावून बघतो," ते म्हणाले. "गल्लीतली सगळी घरं क्रमाने उभी करतो. तुमचं घर दर वेळी सगळ्यात वर जाऊन बसतं."

"वर? आमचं? तो ओला कोपरा धरून?"

"कोपरा धरून."

"आणि वरचा भाव कोण देतो काका? तुम्हीच सांगता ना."

काकांनी थालीपिठावरचं झाकण जरा सरळ केलं. "वेडा देतो," ते म्हणाले.

माधवीच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं, पण आवाज तिने पक्का ठेवला. "मग आज शहाण्यासारखं एकदा लावा. आम्हाला जायचंय."

काकांनी चष्मा पुसला, भिंतीकडे तोंड करून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले आणि भाव सांगितला. रोखठोक, मधला, एक पैसा इकडे नाही की तिकडे नाही.

त्या आठवड्यात टिटवाळ्याचं जोडपं परत आलं. भावावर घासाघीस केली नाही. मला राहवलं नाही, विचारलं, इतकं सगळं ऐकूनही परत कसे आलात? नवरा म्हणाला, "पंधरा-वीस घरं बघितली साहेब. सगळीकडे सांगितलं, काही प्रॉब्लेम नाही. इथेच एक माणूस भेटला ज्याने सगळे प्रॉब्लेम सांगितले." बायको म्हणाली, "ते काका समोरच राहतात ना? मग नक्की."

केणेशेठ आठवडाभर गल्लीत सांगत फिरत होते, "काकांनी घर इकू नाय म्हनून केलं, आनि इकून टाकलं."

आम्ही ठाण्याला आलो. इथे बाविसावा मजला, खाडी दिसते, वारा कसलाच वास आणत नाही. लिफ्टमध्ये लोक आपापल्या मोबाईलकडे बघतात. समोरच्या दारावर पाटी आहे, ते दार उघडं असलेलं अजून पाहिलं नाही. काकांना मी तीन-चारदा फोन केला, या म्हटलं. दर वेळी एकच उत्तर, "मांडामांड होऊ दे रे, मग येतो." कपाटं लागली, पडदे लागले, मांडामांड झाली, काका आले नाहीत. माधवी म्हणायची, रागावले असतील.

परवाच्या रविवारी मी दूध घेऊन वर येत होतो. लिफ्टचं दार उघडलं तर आत एक टायवाला दलाल आणि शेजारी परबकाका. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. काखेत छत्री.

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. मीही ओळख दाखवली नाही, दुधाची पिशवी सांभाळत कोपऱ्यात उभा राहिलो.

"सर, आज तरी फायनल करू या," दलाल म्हणत होता. "तुम्ही चार रविवार येताय. सव्विसाव्याचा व्ह्यू बघितलात, अठराव्याचं किचन बघितलंत."

काका माझ्याकडे वळून परक्या माणसाला विचारावं तसं म्हणाले, "तुम्ही इथेच राहता का? शेजार कसा आहे?"

त्यांच्याबरोबर मी इतकी घरं पाहिली, हा प्रश्न त्यांनी कुठेच विचारला नव्हता.

"सांगता येत नाही," मी म्हणालो. "अजून कुणी बोललेलंच नाही."

"ऐकलंत?" काका दलालाला म्हणाले. "आणि तुम्ही भाव वरचा लावताय." मग त्यांनी छत्री दुसऱ्या काखेत घेतली, हात पुढे केला आणि बाविसाव्या मजल्याचं बटण दाबलं.

"सर, बाविसाव्यावर आपल्याकडे काही नाहीये," दलाल गडबडला. "तिथलं कुठलंच घर विकायचं नाहीये."

"माहीत आहे," काका म्हणाले. "म्हणूनच बघायचंय."